चवथीची रात, लिस्बनच्या पायऱ्या आणि चालू ठेवलेला फोन

काल संध्याकाळी आमच्या भजनाच्या बुवांच्या पडवीत पखवाजाला कणीक लावली, चवथीआधीची, म्हणजे गणपतीआधीची पहिली तालीम, आणि झांजा हातात घेतल्या तशी मला ती लिस्बनची रात परत आठवली. बरेच दिवस लिहायचं होतं. आज देवगडात पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, लाईट दुपारपासून गेलीय, इन्व्हर्टर आहे तोवर लिहून काढतो.

मी क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात काम करतो. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं, त्यामुळे चवथ बहुतेक वेळा जहाजावरच जाते. कोकणातल्या माणसाला चवथ चुकणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसालाच कळतं, दुसऱ्याला कितीही समजावून सांगा. दिवसभर कामात काही वाटत नाही, पण रात्री बंकवर पडलं की कानात आरती सुरू होते आणि मग झोपेचं काही खरं नाही.

त्या वर्षी चवथीच्या दुसऱ्या रात्री आमचं जहाज लिस्बनला मुक्कामाला होतं. असं क्वचितच होतं, नाहीतर संध्याकाळी दोर सोडतातच. डिनर आटोपून, स्टेशन धुऊन पुसून मी साडेदहाला गँगवेवरून खाली उतरलो. आपल्यात आणि तिकडे उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे घरी पहाटेचे तीन. लोकल सिम घातलेलं होतं. धाकट्या चुलतभावाला फोन लावला, म्हटलं जागा असेल तर उचलेल, तर मागे पखवाज चालू! आमच्या वाडीत भजन घरोघर फिरतं, एका घरात तास-दीड तास, मग पुढचं घर, शेवटच्या घरात पोचेपर्यंत कोंबडा आरवतो. तो कुजबुजत म्हणाला, "बोलू नको, आवाज मधी येता. फोन माटवेच्या खाली ठेवतंय, तू नुसता आयक." माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधलेली चौकट. आणि खरंच ठेवला. मी इयरफोन कानात घट्ट बसवले आणि चालायला लागलो.

नदी डाव्या हाताला. तेजू म्हणतात तिकडे, आपल्या पुस्तकात टॅगस. खाडीसारखीच रुंद, वासही तोच, चिखल आणि मीठ. रस्त्यावर दिवे पिवळे, फुटपाथला पांढऱ्या चुनखडीचे आणि मधे मधे काळ्या दगडाचे छोटे छोटे तुकडे हाताने बसवलेले, लोकांच्या पायांनी इतके गुळगुळीत झालेत की कोरडे असताना पण ओले वाटतात. जांभ्या दगडावर वाढलेला माझा पाय तिथे जपूनच पडतो. कानात बुवांचा रूपाचा अभंग, देवाच्या रूपाचं वर्णन करणारा, मागून कोरस, आणि त्या सगळ्याच्या मागे पत्र्यावरचा पाऊस. पाऊस इतका स्पष्ट की मी दोनदा वर बघितलं. आकाश स्वच्छ होतं, चांदण्या होत्या.

थोडं पुढे गेलं की एक घर लागतं, कासा दूश बीकूश. त्याची दर्शनी भिंत पूर्ण टोकदार दगडांची, एकेक दगड पिरॅमिडसारखा घडवलेला, लांबून बघितलं तर फणसाची साल. 1523 मध्ये बांधलं, आणि बांधणारा कोण, तर अफोंसो द आल्बुकर्कचा मुलगा. 1510 मध्ये गोवा घेणारा तो अफोंसो, ज्याच्या नावावरून आपल्या आंब्याला हापूस म्हणतात असं आपल्याकडे सांगतात. आमची कलमं साठेक आहेत, बाबा मोहोरापासून पेटी भरेपर्यंत त्या झाडांच्या मागे असतात, प्रत्येक पेटीवर स्वतःच्या हाताने हापूस लिहितात. आणि मी त्या नावाच्या माणसाच्या लेकाच्या घरापुढे रात्री अकरा वाजता उभा, कानात आमचंच भजन. मी जाऊन हात लावला. दगड थंड होता, टोकं झिजून बोथट झालेली. 1755 च्या भूकंपात ह्याचे वरचे मजले गेले आणि ते परत उभे राहायला 1980 चं दशक उजाडलं, पण खालच्या दगडांनी तो धक्का खाऊन जागा सोडली नाही. मी बराच वेळ हात काढला नाही.

तिथून वर चढलो. आधी ट्रामच्या रुळांनी कॅथेड्रलवरून, मग सांता लुझियाच्या कठड्यापर्यंत. निळ्या फरशांची भिंत, बोगनवेल, आणि खाली काळोखात उतरत गेलेली कौलारू घरं. कौलं! ते बघून पोटात कसंतरी झालं. खाली धक्क्याला आमचं जहाज, सगळे दिवे लागलेले. त्याच वेळी फोनमध्ये गजर द्रुत लयीत गेला, झांजा चढल्या, आणि मला कळलं की झांजा दोनच आहेत. तिसरी माझी असते. माझी जागा कोणाला दिली नव्हती त्यांनी. कठड्यावर बोटांनी मी माझा ठेका धरला, शेजारी एक जोडपं बसलं होतं ते बघायला लागलं, बघू दे.

तिथून खाली आल्फामा. भूकंपात खालचं सपाटीवरचं शहर कोसळलं, जळलं, आणि नंतर पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते काढून नवीन बांधलं, पण हा भाग बराचसा वाचला, म्हणून इथल्या गल्ल्या अजून जुन्या वळणाच्याच आहेत. पायऱ्याच पायऱ्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. दोरीवर कपडे, खिडकीत तुळशीची कुंडी वाटावी अशी कुंडी, कुठेतरी मासे भाजल्याचा उरलेला वास. एका बेकरीचं शटर बंद होतं, वर पाटी, आपल्या पाव ह्या शब्दाच्या मूळ पोर्तुगीज शब्दाशी माझी तिथेच पहिल्यांदा गाठ पडली, ते पांव असा नाकात उच्चार करतात. आमच्याकडे भजन संपलं की काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव. पाव त्यांचा, चावी त्यांची, साबण त्यांचा, आणि ज्याच्यासाठी मी घर सोडून आलो तो पगार हा शब्दसुद्धा त्यांचाच.

गल्ल्या अरुंद, भिंती जाड, त्यात घरी पाऊस. कॉल तुटला. परत लावला, तुटला. तिसऱ्यांदा लागलाच नाही. कान एकदम रिकामे झाले आणि पायऱ्यांवर माझेच बूट ऐकू यायला लागले.

आणि तेव्हा ते ऐकू आलं. एका बंद दारामागून, एका बाईचा आवाज.

मी फादो, म्हणजे तिकडचं ते दुःखाचं, विरहाचं गाणं, आधी ऐकला होता, प्रवाशांना जेवताना वाजवतात तसा स्पीकरवर, त्याने काही झालं नव्हतं. हे वेगळं होतं. दाराला लहान काच होती, आत दिवे मंद केलेले, काळी शाल घेतलेली पन्नाशीची बाई डोळे मिटून उभी, माईक नाही, बाजूला दोघं बसलेले, एकाकडे साधी गिटार आणि दुसऱ्याकडे ती पेरूच्या आकाराची बारा तारांची पोर्तुगीज गिटार. आत जेवायला बसलेली पंचवीस-तीस माणसं आणि चमच्याचा आवाज नाही. फादो चालू असताना कोणी बोलत नाही, वाढपी पण जागच्या जागी उभे राहतात. दारात एक वाढपी होता, त्याने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली. आमच्या भजनात सगळे गातात, लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, गप्प बसलेला माणूस आजारी समजतात. इथे एकटी बाई गात होती आणि बाकी सगळ्यांनी गप्प राहून तिला आवाज दिला होता. 2011 मध्ये युनेस्कोने फादोला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते ठीकच आहे, पण तो वारसा मला त्या गप्प बसण्यात दिसला.

तेवढ्यात फोन थरथरला. चुलतभाऊ. मी उचलला आणि एक शब्द न बोलता फोन काचेपाशी धरला. इयरफोनची पिन काढून, आवाज पूर्ण बंद करून, नुसता माईक दाराकडे. गाणं संपेपर्यंत हात खाली घेतला नाही. शेवटी तिने आवाज वर नेला, एक क्षण तिथेच धरला आणि सोडला, आणि मग एवढ्या वेळ दाबून ठेवलेल्या टाळ्या एकदम फुटल्या.

पायऱ्या उतरून बाजूला आलो, इयरफोन लावले. तिकडे पण शांतता. पाऊस फक्त. मला वाटलं परत कट झाला. मग बुवांचा आवाज आला, लांबून, "कोण गाता रे ती?"

म्हटलं, "हयली बाई आसा, बुवानू. दारात उभो रवान आयकतंय."

"दुखात गाता," बुवा म्हणाले. आणि मग पेटीवर त्यांनी सूर शोधायला सुरुवात केली. एकदा चुकले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा ती बाई जिथून खाली उतरली होती ती जागा त्यांना बरोब्बर सापडली, कोमल सुरांची ती उतरण. "भैरवीच्या वाटेर आसा गो ही," असं कोणालातरी सांगितलं, बहुतेक काकीला. घरी साडेचार होत आले होते, तसंही भैरवीचीच वेळ होती. त्याच सुरावरून त्यांनी आमची नेहमीची भैरवी उचलली. पखवाजवाला जरा थांबला आणि मग हळूच आत आला.

मी त्या लयीत पायऱ्या उतरलो. फादो म्युझियमच्या चौकातून, रस्ता ओलांडून, धक्क्याकडे. घाई केली नाही, भैरवी संपण्याआधी जहाजात शिरायचं नव्हतं, कारण आत लोखंडात नेटवर्क मरतं. गेटपाशी उभा राहिलो. गजर झाला, जयजयकार झाला, पेटीचा भाता बंद झाल्याचा आवाज आला.

सिक्युरिटीवाल्याने कार्ड मागितलं. कार्ड काढता काढता शेवटचं जे ऐकू आलं ते काकीचं, भांडी सरकवत कोणाला तरी सांगत होती, "उसळ उरली हा, खावन जावा रे, उद्यापर्यंत ऱ्हवाची नाय."