सैल सोडण्याची मेहनत

केस विंचरताना हात मधेच खाली यायला लागला, तेव्हा मी दोष खांद्याला दिला. जिना चढताना मांड्या भरून यायला लागल्या, तेव्हा वयाला. शेवटी स्वतःला आळशी ठरवून मोकळी झाले. घरच्यांनीही, खरं सांगायचं तर, फारशी हरकत घेतली नाही.

डॉक्टरांनी मला खुर्चीवर गुडघे टेकायला लावले, पावलं मागे लोंबती. टाचेवरच्या घोडशिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल टुणकन हललं. परत जागेवर यायला मात्र त्याने असा वेळ लावला, की मलाच त्याला ढकलावंसं वाटलं. "थायरॉईड तपासून घ्या," डॉक्टर म्हणाले. थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचा रिपोर्ट नंतर आला. पावलाने आधीच चुगली केली होती.

तोवर माझी समजूत अशी, की ताकद लागते ती आवळायला. सोडायला कसली ताकद? पण स्नायूंचा कारभार वेगळा आहे. आखडताना पेशीतल्या बारीक पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर सांडतं. सैल पडायचं तर ते उपसून पुन्हा पिशव्यांत भरावं लागतं, आणि उपसणारे पंप फुकट चालत नाहीत. कॅल्शियमचे दोन आयन आत न्यायचे तर एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू मोजावा लागतो. टी-थ्री हे थायरॉईडचं संप्रेरक कमी पडलं की हे पंपच कमी बनतात. बरणीचं झाकण घट्ट धरल्यावर माझी बोटं उलगडायला कुरकुरत होती, ती उगाच नव्हे.

त्यात तिजोरीतही खडखडाट. स्नायूच्या हाताशी एटीपी असतो जेमतेम काही सेकंदांचा. तो संपत आला की तो झटपट भरून काढणारी राखीव शिल्लक, क्रिएटिन फॉस्फेट, पुढे येते. जोराच्या कामात तीही साधारण दहा सेकंदांची सोय. त्यापुढे ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, फोडायचं आणि माइटोकॉन्ड्रियाने, म्हणजे पेशीतल्या भट्ट्यांनी, इंधन जाळत राहायचं. थायरॉईड मंदावला की ग्लायकोजेन नीट फुटत नाही, माइटोकॉन्ड्रियाही रेंगाळतात. मग क्रिएटिन फॉस्फेट भराभर उतरतं आणि विश्रांती घेतली तरी सावकाश भरतं. जिन्याच्या वळणावर कठड्याला धरून मी उभी राहायचे, ते हे भरणं होईपर्यंत. (लोकांना वाटायचं, मी खिडकीतून बाहेर बघतेय. मीही तसं वाटू द्यायचे.)

गोळी मिळाली पन्नास मायक्रोग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. एवढ्याशा ऐवजावर अख्ख्या शरीराचे स्नायू हलणार, यावर माझा विश्वास बसेना. गोळीत असतं टी-फोर, थायरॉईडचंच दुसरं संप्रेरक, आयोडीनचे चार अणू असलेलं. त्यातला एक अणू काढून टी-थ्री करण्याचं काम इतर अवयवांबरोबर स्नायूही स्वतः करतात. शिवाय टी-फोर रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा घेतं, त्यामुळे त्याची पातळी स्थिरावायला वेळ लागतो आणि पुढची तपासणी सहा-आठ आठवड्यांनी. उपाशीपोटी गोळी घ्यायची, अर्धा तास काही खायचं नाही, आणि वाट बघायची. मंद माणसाला औषधही सबुरीचंच.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पुन्हा खुर्ची पुढे केली. हातोडी बसली. पाऊल गेलं आणि आलं.

"अजून एकदा मारा," मी म्हटलं.