शेंगेवरची आळशी अळी

गच्चीतल्या वालपापडीला डिसेंबरात शेंगा लागल्या. पहिल्या तोडणीच्या निवडायला बसले, तर बऱ्याच शेंगांना बारीक भोकं. एकीवर अळीच सापडली. हिरवट, जेमतेम अर्धा इंच, अंगभर केस. डोकं शेंगेत आणि बाकी सगळा देह बाहेर, खिडकीतून वाकून शेजारणीशी बोलत असल्यासारखी!

सासूबाईंचं माहेर अकोल्याकडचं, तुरीच्या शेतातलं. चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "पिसारी आहे गं. तुरीवर असते ही. कळ्या बघ, अजून असतील."

होत्याच. पिसारी पतंगाची मादी कळ्यांवर नि कोवळ्या शेंगांवर एकेक अंडं घालते. अळी आधी शेंगेची साल खरवडते, मग भोक पाडून आतले दाणे खाते. शिव्या मात्र सगळ्या शेंगा पोखरणाऱ्या दुसऱ्या एका अळीच्या, घाटे अळीच्या, वाट्याला जातात.

दुसऱ्या दिवशी एक तपकिरी अळी जागची हलेना. आळशी मेली, म्हणून चिमट्याने उचलायला गेले, तर ती शेपटीकडून शेंगेला घट्ट चिकटलेली, आणि धक्का लागताच पुढचं टोक हवेत झटकलं. मी दचकून चिमटाच टाकला. तो कोष होता! कोषावरही तसेच केस, कुणीही फसेल.

बाकीच्या अळ्या साबणाच्या पाण्यात गेल्या. हिला शेंगेसकट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलं, वर मलमलचा तुकडा. पाचव्या सकाळी आत वाळक्या काडीसारखं काहीतरी. पंख दोन्हीकडे सरळ ताणलेले, थेट इंग्रजी टी. भिंग लावलं तेव्हा पिसारी नाव का पडलं ते कळलं: पुढचा पंख दोन फाकांत चिरलेला, मागचा तीन, आणि प्रत्येक फाकेला केसांची झालर. असल्या काड्या ट्यूबलाइटखालच्या भिंतीवरून मी कितीदा झाडूने उडवल्या असतील! त्यात हा किंवा याचा गोतावळा नक्कीच असणार.

मारवेना. "गच्चीत सोडू नकोस हं," सासूबाईंनी बजावलं. म्हणून दोन मजले खाली जाऊन जिन्याच्या खिडकीतून सोडला.

काल संध्याकाळी बाथरूममध्ये नळाच्या वर एक टी बसला होता. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.