रात्रीची अभ्यासिका

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या समितीने मला 'शाळेतील सर्वधर्मसमभाव' हा विषय सुचवला. या विषयावर मी शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत भाषण ठोकलं होतं आणि त्यातलं एक वाक्यही आता आठवत नाही. रात्रीची अभ्यासिका मात्र नीट आठवते, म्हणून तिच्याबद्दलच लिहितो.

मी १९८६ च्या दहावीचा. आमचा हजेरीपट वाचला तरी सोलापूरचा पूर्व भाग कळायचा. गड्डम, श्रीगिरी, बिराजदार, शेख, कांबळे, पवार. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची मुलं सर्वांत जास्त, त्यांच्या घरी तेलुगू. बिराजदारच्या घरी कन्नड, शेखकडे दखनी. १८७७ साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी निघाली, मागोमाग बाकीच्या गिरण्या आल्या, हातमाग होतेच, आणि पोटासाठी ही सगळी माणसं एका गावात आली. एका गावात आली म्हणजे एका ओट्यावर बसली असं नव्हे. वर्गातसुद्धा ज्याची जी पेठ, त्याचा तो बाक. भांडणं फारशी नव्हती, पण एकमेकांच्या घरचा उंबरठाही कुणी ओलांडत नव्हतं.

अडचण मात्र सगळ्यांची सारखीच होती. गड्डमच्या घरी पुढच्या खोलीत यंत्रमाग, त्याची खटखट रात्रीही चालू. पवारचे वडील गिरणीत तिसऱ्या पाळीला, दिवसा झोपायचे, म्हणून घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. कांबळेच्या खोलीत सात माणसं. पुस्तक उघडायला जागा कुणालाच नव्हती. गणिताच्या सरांनी हे हेरलं आणि रात्री सात ते दहा शाळेच्या दोन खोल्या उघड्या ठेवायला सुरुवात केली. उपदेश नाही, उद्घाटन नाही.

सरांचे नियम थोडेच होते. खोलीची किल्ली आठवडाभर दोघांकडे, आणि ते दोघे एका पेठेतले नकोत. उघडायचं, झाडायचं, माठ भरायचा, दिवे मालवायचे. म्हणजे शेखला बिराजदारच्या घरी किल्ली मागायला जावंच लागे, आणि गेला की त्याची आई रिकाम्या हातानं सोडत नसे. दुसरा नियम आम्हाला फार जड गेला. तेलुगू मुलं मराठी बोलताना 'तो भाकरी' म्हणायची आणि आम्ही खिदळायचो. सरांनी ठरवलं, जो हसेल त्यानं तेच वाक्य तेलुगूत म्हणून दाखवायचं. पहिल्या आठवड्यात हसणं बंद झालं. सहामाहीपर्यंत पवार तेलुगूत शिव्या देऊ लागला. ही प्रगती सरांना अपेक्षित नसावी.

माठावरून मात्र खरी कुरबुर झाली. सगळ्यांना एकच माठ आणि एकच तांब्या. एका मुलाचे घरचे शाळेत आले, मुलासाठी वेगळी बाटली ठेवू म्हणाले. मुख्याध्यापकांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, बाटली आणायची तर घरीच अभ्यास करा, इथं माठ एकच राहील. तो मुलगा काही दिवस आला नाही. चाचणी जवळ आल्यावर गुपचूप येऊन बसला. कुणी त्याला काही विचारलं नाही. मला वाटतं, त्या वर्षी शाळेत झालेल्या सगळ्या भाषणांपेक्षा हे मोठं काम होतं.

जानेवारी आला की गावालाच भरतं यायचं. बारा तारखेला प्रभातफेरी चार हुतात्मा चौकात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मार्शल लॉनंतर खटला चालून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी झाली. कुर्बान हुसेन यांच्यावर बिराजदार बोलायचा आणि धनशेट्टींवर शेख, ही सरांचीच योजना. लगेच संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज, ते पेलणारी वेगवेगळ्या समाजांतली खांदेकरी मंडळी. आम्ही सगळे मिरवणुकीमागून फिरायचो. पण खरं सांगू? गड्ड्याला सगळं सोलापूर एक होतंच, त्यात शाळेची करामत काही नाही. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी, जत्रा उठून गेल्यावर, श्रीगिरी कांबळेला बीजगणित शिकवत बसायचा, ते शाळेचं.

आता एक बोचरी गोष्ट. ही अभ्यासिका फक्त मुलांची होती. वर्गातल्या मुली त्याच वेळी घरी आईसोबत विड्या वळत होत्या. साच्यावर तेंदूची पानं कातरायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, हजाराचा हिशेब पुरा करून कारखान्यात द्यायचा. त्यांतल्या दोघी सरांपेक्षा भराभर गणितं सोडवायच्या. एकीची शाळा नववीतच सुटली. त्यांना रात्री कोण बाहेर पाठवणार, असं तेव्हा सगळेच म्हणायचे, आणि प्रश्न तिथंच संपायचा. आमच्या एकोप्याच्या आठवणी सांगताना हा अर्धा वर्ग नेहमी गळतो.

पुढे गिरण्या बंद पडल्या. गड्डम भिवंडीला मागावर गेला, शेख इथंच टॉवेलचा कारखाना चालवतो, बिराजदार पुण्यात. दिवाळीत जमेल तेव्हा भेटतो, 'काय बे' पासून सुरुवात होते.

सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वारावर कमान बांधायची असं पत्रात वाचलं. कमान बांधा, हरकत नाही. पण त्याआधी पूर्व भागातल्या मुलींसाठी संध्याकाळची एक खोली उघडा, आणि त्यांना घरी सोडायला एक रिक्षा ठरवा. रिक्षाचं आणि वीजबिलाचं मी बघतो.