जादा ड्रिल आणि सावकाश येणारे टपाल

हौस म्हणून घरी लेथ चालवणाऱ्या कोणाचाही ड्रिलचा, म्हणजे भोके पाडायच्या पात्यांचा, खण उघडून पाहावा. त्यात साडेअकरा, तेरा, साडेचौदा मिमी अशा मापांची गर्दी असते आणि २.५ किंवा ३.३ मिमीचे एकही धड ड्रिल सापडत नाही. आमची कामे लहान असतात. वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती, घड्याळाचा एखादा भाग किंवा लेथलाच लागणारे एखादे जोडकाम, एवढाच पसारा. त्यात एम ३, एम ४ आणि एम ५ चे, म्हणजे ३, ४ आणि ५ मिमीच्या स्क्रूंचे, आटे पाडायचे तर २.५, ३.३ आणि ४.२ मिमीचीच भोके लागतात, आणि मोडतात, बोथट होतात किंवा बुऱ्यात हरवतात तीही नेमकी हीच मापे. मोठी ड्रिल मात्र पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी किंवा एमआयडीसीजवळच्या भंगारवाल्याकडे वजनावर मिळतात म्हणून घेतली जातात आणि वर्षानुवर्षे तेल लावून ठेवली जातात.

भंगारात येणारा हा माल टाकाऊ असतोच असे नाही. कारखान्यातल्या संगणकचालित सीएनसी मशीनवर ठराविक भोके पडली की ड्रिल मोडण्याची वाट न पाहता बदलले जाते, कारण मशीन थांबण्याचा खर्च ड्रिलच्या किमतीहून मोठा असतो. अशा ड्रिलला एकदा नीट धार लावली की आमच्यासारख्यांना ते पुढे कित्येक वर्षे पुरते. छापील सर्किट बनवणाऱ्या कारखान्यांतून तर अर्ध्या मिलिमीटरपासूनची कार्बाइडची, म्हणजे फार कठीण पण ठिसूळ धातूची, ड्रिल बाहेर पडतात. त्यांची दांडी बरोबर एक सूत, म्हणजे ३.१७५ मिमी असते आणि तिच्यावर मापानुसार रंगीत कडे चढवलेले असते. पितळी बर्नरच्या जेटला किंवा तेलाच्या बारीक भोकाला यांच्यासारखे दुसरे काही नाही. मात्र ती हातातल्या ड्रिल मशीनला लावून चालत नाही. हात किंचित कलला तरी कसलीही सूचना न देता त्यांचा तुकडा पडतो. म्हणून ज्याच्याकडे स्थिर आणि वेगवान स्पिंडल नाही, त्याला ती पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नाहीतर टपालखर्च करून आपण त्याला निराशाच पाठवतो.

कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी आणि पुणे अशा ठिकाणी राहणारे आम्ही काही मित्र एकमेकांना जादा माल पाठवतो. आरंभी आम्ही फिरता डबा चालवून पाहिला. डबा आला की त्यातून हवे ते घ्यायचे, आपल्याकडचे जादा घालायचे आणि पुढच्याकडे रवाना करायचा, अशी कल्पना होती. कल्पना उत्तम होती, पण मनुष्यस्वभाव आडवा आला. प्रत्येकाने त्यातली बारीक ड्रिल काढून घेतली आणि टेपर शँकची, म्हणजे निमुळत्या दांडीची जाडजूड, मुसळे आत टाकली, त्यामुळे डबा दर मुक्कामाला जड आणि निरुपयोगी होत गेला. आता टेपर शँकला डब्यात सक्त मनाई आहे आणि खरे सांगायचे तर डबाही बंदच पडल्यात जमा आहे.

त्यापेक्षा लहान पाकिटे बरी, कारण वजनाचा हिशेब त्यांच्या बाजूने आहे. २.५ मिमीची दहा ड्रिल वीस ग्रॅमच्या आत बसतात, तर १० मिमीचे नेहमीच्या लांबीचे एकच ड्रिल साठ ग्रॅमच्या आसपास भरते. स्पीड पोस्टच्या दरांचा पहिला टप्पा पन्नास ग्रॅमचा आहे. त्यात बारीक ड्रिलचा वर्षभराचा साठा जातो आणि दहाचे एक ड्रिलही मावत नाही. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्यापासून रजिस्टर पाकीट करण्याची आमची जुनी सवयही मोडली. जड माल आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो किंवा एसटीच्या पार्सलने.

पाकीट बांधण्यालाही एक रीत आहे. ड्रिल एकमेकांवर आपटली की धारेचे कोपरे उडतात, म्हणून प्रत्येक ड्रिल वेगळे हवे. वाया गेलेल्या बॉलपेनच्या नळ्या यासाठी फार सोयीच्या पडतात. नळीत ड्रिल घालावे, दोन्ही तोंडांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे खोचावेत आणि सगळ्या नळ्या पुठ्ठ्याला चिकटपट्टीने जखडाव्यात. नुसत्या लखोट्यात घातलेले ड्रिल टोकाने कागद फाडून बाहेर पडते आणि पलीकडे पोचते ते रिकामे पाकीट. पावसाळ्यात तेलाचा हात फिरवून मेणकागद गुंडाळावा लागतो, कारण कोकणातल्या दमट हवेत आठवडाभर पडलेल्या कोरड्या ड्रिलवर तांबूस थर धरतो. पिन कोड तर दोनदा तपासावा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे राजापूरचे. त्यामुळे आमचे रत्नागिरीकर मित्र या बाबतीत विशेष कडक आहेत.

पाठवण्यापूर्वी ड्रिल मोजावे आणि चालवूनही पाहावे. दांडीवरचे आकडे झिजलेले असतात आणि दांडीचे माप फसवे असू शकते, म्हणून मायक्रोमीटर टोकाजवळच्या दोन कडांवर लावावा. मग मऊ लोखंडाच्या तुकड्यात एक भोक पाडावे. दोन्ही धारांतून सारख्या जाडीचे वळसे निघाले तर ठीक. एकाच बाजूने माल निघत असेल तर धारा असमान आहेत, टोक मध्यावर नाही आणि भोक मापापेक्षा मोठे पडणार. असे ड्रिल ग्राइंडरवर ११८ अंशांत पुन्हा घासून, दोन्ही धारा समान करूनच पाठवावे. जे आपण आपल्या जॉबला लावणार नाही, ते दुसऱ्याच्या माथी मारणे योग्य नव्हे.

परदेशातून मागवण्याचा मोह मात्र मी सोडून दिला आहे. मिशिगनमधला आमचा एक मित्र तिकडची नंबर ड्रिल, म्हणजे मिमीऐवजी क्रमांकाने ओळखली जाणारी ड्रिल, हौसेने देऊ करतो; पण डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तू म्हणून टपालाने येणाऱ्या मालाची शुल्कमाफी गेली, अपवाद उरला तो जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. ड्रिल या दोन्हींत बसत नाही. पूर्ण शुल्क भरायचे आणि वाटही पाहायची, यापेक्षा नंबर आणि मिमीच्या मापांचा तक्ता उघडावा. पाव इंच, इंचाला वीस आट्यांच्या टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) लागणारे सात नंबरचे ड्रिल ५.१०५ मिमीचे असते आणि आपल्या बाजारातले ५.१ त्याचे काम बिनतक्रार करते. एकवीस नंबरच्या जागी ४.१ चालते. दशांश मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळणारी मेट्रिक ड्रिल मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असताना नंबर ड्रिलचा आग्रह हा बहुतेक वेळा केवळ संग्रहाचा आग्रह असतो.

तरीही एखादे माप अडतेच आणि पाकीट वाटेत असते. पावसाळ्यात घाट बंद झाला तर विचारूच नये. अशा वेळी डी-बिट, म्हणजे घरीच घडवलेले अर्धगोल टोकाचे ड्रिल, हा हमखास उपाय आहे. दोन सुताचे, म्हणजे ६.३५ मिमीचे नेमके भोक हवे असेल तर त्याच जाडीची सिल्व्हर स्टीलची (कडक करता येणाऱ्या हत्यारी पोलादाची) सळई घ्यावी, टोकाकडचा भाग निम्म्याहून केसभर अधिक उरेल इतका कानशीने सपाट करावा आणि पुढच्या तोंडाला थोडा उतार द्यावा. मग ते टोक चेरीसारखे लाल तापवून पाण्यात सोडावे, पॉलिश पेपरने उजळावे आणि सावकाश पुन्हा तापवून गवती पिवळा रंग चढताच विझवावे. आधी सहाच्या ड्रिलने भोक पाडून त्यात हे हत्यार लेथच्या टेलस्टॉकमधून (जॉबसमोरच्या सरकत्या टेकूतून) हळूहळू सरकवले, अधूनमधून मागे घेऊन बुरा काढला, तर भोक ड्रिलच्या भोकापेक्षा सरळ आणि गुळगुळीत मिळते. बाजारातून आणलेल्या ड्रिलपेक्षा सरस काम देणारे हत्यार एका संध्याकाळी घरी होते. मात्र हा उपाय तीन मिमीच्या खाली फारसा सुखाचा नाही, आणि आमची अडचण नेमकी तिथेच असते.

म्हणून आम्ही आता मागणीची वाट पाहत नाही. कोणाला कुठला टॅप जास्त लागतो हे ठाऊक असते. त्या मापाची ड्रिल हाती आली की दोन-चार त्याच्याकडे आधीच रवाना होतात, आणि ती आठ दिवसांनी पोचली काय किंवा तीन आठवड्यांनी, कोणाचे काम खोळंबत नाही. या घडीला माझ्याकडे ६.८ आणि ८.५ ची बरीच ड्रिल शिल्लक आहेत, एम ८ आणि एम १० चे आटे पाडणाऱ्यांनी ती खुशाल मागावीत. ३.३ कोणाकडे जादा असतील तर हवी आहेत. साडेचौदाची मात्र कोणी पाठवू नयेत.