तुम्ही विचारलंत म्हणून: आधी गळती का?

"महसूल दर महिन्याला वाढतोय, तरी तुम्ही आधी गळतीच का विचारता?" सबस्क्रिप्शनवर सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचे आकडे तपासणं हे माझं काम. नव्या ठिकाणी गेलं की हा प्रश्न येतोच, बहुतेकदा जरा दुखावलेल्या सुरात.

गळती म्हणजे दर महिन्याला सोडून जाणाऱ्या ग्राहकांचं प्रमाण. ती विचारतो, कारण वाढ कुठे अडणार ते तिच्यावरून आजच कळतं. समजा, महिन्याला २० नवे ग्राहक येतात आणि असलेल्यांपैकी ५ टक्के सोडून जातात. सुरुवातीला आलेख झकास चढतो. पण ४०० चे ५ टक्के म्हणजे २०. त्या आकड्याजवळ पोचलात की येणारे आणि जाणारे सारखेच. विक्रीवाले तेवढेच राबतायत आणि आलेख आडवा.

५ टक्के किरकोळ वाटतात, पण ते महिन्याचे आहेत. ०.९५ ला बारा वेळा घेऊन गुणा: आजच्या १०० ग्राहकांपैकी वर्षाने ५४ उरतात.

बरं, तो आकडा तरी खरा असतो का? माझीच फजिती सांगतो. महिन्याच्या सुरुवातीला ग्राहक २००, गेले १०, नवे आले १००. मी १० ला ३०० ने भागलं आणि मीटिंगमध्ये ३.३ टक्के म्हणून सांगून टाकलं. सगळे खूश. नव्यांचं तर पहिलं बिलही संपलं नव्हतं, ते जाणार कुठून? छेदात सुरुवातीचे २०० च हवे होते. पुढच्या महिन्यात जाहिरात थांबली, नवं कोणी आलं नाही आणि गळती 'अचानक' ५ वर गेली. ती आधीही तेवढीच होती.

डोकी मोजून झाली की पैसे मोजायचे. जुन्या ग्राहकांकडून वर्षापूर्वी १०० येत होते. त्यातले १२ सोडून गेलेल्यांचे, ३ स्वस्त प्लॅनवर उतरलेल्यांचे. उरलेल्यांनी २५ वाढवले. एनआरआर, म्हणजे त्याच जुन्या ग्राहकांचे आजचे पैसे वर्षापूर्वीच्या किती टक्के, तो झाला ११०! स्लाइडवर हाच आकडा ठळक असतो. मी वाढ वगळून उरणारे ८५ मागतो, म्हणून खडूस ठरतो.

आणि हो, कार्डाची मुदत संपल्यामुळे पैसे कापले न गेलेले ग्राहक वेगळ्या रकान्यात ठेवा. त्यांना सोडून जायचंच नव्हतं. त्यातले काही एका ईमेलवर परत येतात.