पेंड किती घालता त्यापेक्षा कधी घालता?

आमच्याकडं डेअरीच्या लाईनीत पेंडीचा विषय निघाला की सगळे किलोवरच बोलतात, कुणी चार घालतो कुणी पाच, मग सरकीच्या पोत्याचा भाव, पण ती पेंड गाईपुढं किती वाजता पडते आणि तिच्या आधी पोटात काय गेलेलं असतं हे कुणी विचारत नाही. माझं ठाम मत आहे की आपला बराच पैसा इथंच वाया जातो.

कसं असतं, पेंड आधी गाईच्या पोटातले जंतू खातात. त्यातलं बरंचसं प्रोटीन फुटून तास-दोन तासात अमोनिया होतो, त्यावर जंतू वाढतात आणि पुढं तेच जंतू पचून गाईला प्रोटीन मिळतं. पण वाढायला त्यांना त्याच वेळी मका, मुरघास (हवाबंद मुरवलेला चारा), हिरवा चारा असलं काहीतरी लागतं. ते नसलं की अमोनिया रक्तात, लिव्हरमध्ये त्याचा युरिया आणि बराचसा मुतावाटे मोरीत. आता गाय काही मशीन नाही, थोडा युरिया ती लाळेतून परत पोटात आणते, त्यामुळं मिनिटाचा हिशोब नको, पण क्रम तरी पाळा.

बऱ्याच गोठ्यात काय होतं, रात्री गव्हाण रिकामी, पहाटे 5 वाजता उपाशी गाईपुढं घमेलंभर पेंड-भरडा, कारण ते बघून ती पान्हा सोडते. घमेलं चाटून पुसून लख्ख करते, आपल्याला बरं वाटतं. पण दुपारी शेण बघा, पातळ आणि त्यात मक्याचे कण तसेच, रवंथ कमी, फॅट खाली.

आम्ही उठल्यावर आधी कुट्टी (बारीक कापलेला चारा) टाकतो, मग धार, धारेला पेंड थोडीच. अडीच लिटरला एक किलो आणि शरीरासाठी दीड किलो हा हिशोब धरला तर 15 लिटरच्या गाईला साडेसात किलो खुराक, म्हणजे पेंड-भरडा मिळून, होतो, तो दोन वेळेत कोंबू नका, चार वेळा करा, जमेल तेवढा मुरघासात कालवून.

आणि धार झाली की लगेच वैरण टाका! सडाची भोकं अर्धा तास तरी उघडी असतात, पेंड संपवून गाय तशीच शेणात बसली की दगडी (कास सुजण्याचा आजार) झालीच म्हणून समजा. खात उभी राहिली तर धोका कमी.

युरिया लावलेला चारा देत असाल तर कच्चं सोयाबीन अजिबात देऊ नका, विषबाधा होते. गाभण गाईला शेवटच्या तीन आठवड्यात खुराक हळूहळू वाढवत न्यायचा, व्याल्यावर एकदम नाही. उन्हाळ्यात मोठा वाटा पहाटे आणि रात्री 8 नंतर द्या, भर दुपारी खाल्लेलं पचताना अंगात उष्णता वाढते आणि गाय धापा टाकते.