‘सर्वप्रथम’ या शब्दाची भीती

तान्हा पोळा, रात्री

आज पूर्ण वेळ लावून सराव पेपर सोडवला. ५४ बरोबर, ३९ चूक, ७ सोडलेले. चुकीच्या प्रत्येक उत्तरामागे एक तृतीयांश गुण जातो, म्हणजे १३ गेले. हाती उरले ४१. नॉरसेटला, म्हणजे एम्समधल्या नर्सभरतीच्या परीक्षेला, १९ दिवस आहेत.

बाहेर पोरं लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा मागत फिरत होती. मी आत खाटेवर बसून चुका मोजत होते. १४ चुका सामान्य ज्ञान आणि बुद्धिमत्तेतल्या. ९ प्रश्नांचं उत्तर मला खरंच येत नव्हतं. त्याचं दुःख नाही, वाचलं की येईल. उरलेल्या १६ प्रश्नांनी मात्र जीव खाल्ला, कारण त्यांची उत्तरं मला येत होती. ते सगळे एकाच प्रकारचे: ‘नर्स सर्वप्रथम काय करेल?’

उदाहरणार्थ, ऑपरेशन झालेली बाई दुसऱ्या दिवशी म्हणते, गुदमरल्यासारखं होतंय. डॉक्टरांना कळवायचं, ऑक्सिजन लावायचा, उशाकडची बाजू उचलून बसतं करायचं, की आधी श्वास मोजायचे? चारही गोष्टी मी या हातांनी केल्या आहेत, वर्ध्याला नर्सिंग शिकताना वॉर्डात, रात्रपाळीतसुद्धा. पण प्रत्येक वेळी कोणीतरी सांगितल्यावर. इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, ‘जा, बसतं कर तिला,’ आणि मी धावायचे. चार वर्षांत किती इंजेक्शनं दिली, किती कॅथेटर घातले, त्याची वही भरली आहे. आधी काय करायचं हे मी एकदाही ठरवलेलं नाही. हे आज पहिल्यांदा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यापासून पोटात खड्डा पडलाय.

दोन दिवसांनी

वर्ध्याच्या मैत्रिणीचा फोन होता. ती अमेरिकेच्या एनक्लेक्सची तयारी करते आहे. तिकडे कॉलेज पास झालं तरी ही परीक्षा दिल्याशिवाय परवाना मिळत नाही. संगणक प्रत्येक उत्तरानंतर पुढचा प्रश्न ठरवतो. बरोबर आलं की अवघड, चुकलं की सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, आणि वेळ पाच तास. माणूस सुरक्षितपणे काम करू शकेल की नाही याची खात्री पटली की पेपर तिथंच थांबतो.

आपल्याकडे तसं नाही. विद्यापीठाची शेवटची परीक्षा पास झाले, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी झाली आणि नावापुढं आर.एन., आर.एम., म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि सुईण, असं लागलं. कायद्यानं मी नर्स आहे. बाबांनी ते प्रमाणपत्र देवघराशेजारी लावलंय. जाता-येता ते दिसतं आणि वाटतं, मला अजून कोणी खात्रीनं विचारलेलंच नाही. म्हणून एम्सची ही परीक्षा मला नुसती नोकरीची वाटत नाही. पूर्वपरीक्षा १०० प्रश्नांची, ९० मिनिटांची. २०-२० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला १८ मिनिटं, आणि भाग संपला की मागं जाता येत नाही. मागं जाता येत नाही, याचीच मला सगळ्यात जास्त धास्ती आहे.

आज डोस आणि सलाईनची गणितं केली. संध्याकाळी बाबा वावरातून आले, चहा घेत म्हणाले, ‘लेक, सांग बरं तुयं गणित.’ मी सांगितलं: १००० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांचा एक मिली. मिनिटाला किती थेंब सोडायचे?

मी वहीवर सूत्र मांडत होते. बाबांनी कप खाली ठेवला. ‘आठ तासात हजार, म्हणजे तासाले सव्वाशे. सव्वाशे म्हणजे मिनिटाले दोन अन् वर थोडंसंक. दोनाचे चाळीस थेंब, वरचे एक-दोन. बेचाळीस धर.’

माझं उत्तर आलं ४१.६७. म्हणजे ४२.

बाबांचं शिक्षण सातवीपर्यंत. पण त्यांनी संत्र्याच्या झाडांना ठिबक स्वतः बसवलं आहे. ताशी ४ लिटरचा ड्रीपर, किती झाडं, मोटर किती वेळ चालली, हे सगळं त्यांच्या डोक्यात चालूच असतं. मला सूत्र पाठ होतं, पण पाणी दिसत नव्हतं. आता अशा गणितात मी आधी तासाचं पाणी डोळ्यांसमोर आणते. मग दशांश चिन्ह चुकलं तर लगेच कळतं, कारण मिनिटाला चारशे थेंब पडताना दिसूच शकत नाहीत.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी

हे आजच लिहून ठेवायला हवं. हात अजून कापतोय.

साडेचार-पाचच्या सुमारास काकू ओरडत आल्या. शेजारचे काकाजी फवारणी करून आले होते आणि ओट्यावर बसल्या बसल्या कलंडले. मी गेले तेव्हा अंगाला घामाची धार, तोंडातून लाळ, शर्ट समोरून औषधानं भिजलेला, पायाच्या पोटऱ्या नुसत्या फडफडत होत्या. डोळे बघितले, तर बाहुल्या मोहरीएवढ्या.

पाठ्यपुस्तकात जे वाचलं होतं ते सगळं समोर होतं. आणि माझ्या डोक्यात काय आलं? अ‍ॅट्रोपिनचा, म्हणजे या विषावरच्या उताऱ्याचा, डोस. गावात अ‍ॅट्रोपिन नाही, माझ्याकडे सुई नाही, आणि मी डोस आठवत उभी. किती वेळ उभी होते माहीत नाही. कोणी म्हणालं लिंबू पाजा, कोणी म्हणालं ताक आणा. ताकाचा पेला ओठांजवळ आलेला दिसला आणि मी ओरडले, ‘तोंडात काही घालू नका!’ लाळ आधीच घशात चालली होती, त्यात ताक गेलं असतं तर फुप्फुसात गेलं असतं.

मग एकेक सुचत गेलं. त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, तोंड खाली करून लाळ वाहू दिली. हातमोजे नव्हते, म्हणून किराण्याच्या पिशव्या हातात घातल्या आणि त्यांच्या मुलालाही घालायला लावल्या. शर्ट-पँट कापून काढली. आईनं बादली आणि कपड्याचा साबण आणला. छाती, मान, काखा, केस धुतले. चोळू नका, नुसतं वाहतं पाणी आणि साबण, एवढं मी सांगत होते. मुलाला धुऱ्यावर पिटाळलं, औषधाची बाटली लेबलसकट आणायला. तोवर बोलेरो दारात आली होती.

ग्रामीण रुग्णालयात ड्यूटीवरच्या सिस्टरनी शिर लावत लावत विचारलं, ‘औषध कोणतं?’ बाटली पुढं केली. ‘कपडे कुठं काढले?’ घरीच. ‘त्रास सुरू किती वाजता झाला?’

मला सांगता येईना. एवढं सगळं केलं, पण घड्याळ बघितलं नव्हतं. श्वासही मोजले नव्हते.

त्या काही बोलल्या नाहीत. अ‍ॅट्रोपिन दिलं. पाच मिनिटांनी छाती ऐकली, दुप्पट दिलं. पुन्हा ऐकली, पुन्हा दुप्पट. मी बाहुल्या मोठ्या होतात का ते बघत होते. त्या मात्र स्टेथोस्कोप काढतच नव्हत्या. छातीतली घरघर थांबेपर्यंत द्यायचं, बाहुल्यांवरून ठरवायचं नाही, हे मी वाचलेलं होतं, अधोरेखितसुद्धा केलेलं होतं. तरी माझी नजर डोळ्यांवरच.

रात्री उशिरा छाती मोकळी झाली. काकाजी शुद्धीत आले तेव्हा सगळ्यात आधी म्हणाले, ‘पंप वावरातच रायला.’

दुसरा दिवस

घरोघरी महालक्ष्म्या बसल्या. काकूंकडचा स्वयंपाक आईनं केला.

मी सकाळी जुने सराव पेपर काढले. हाच प्रश्न त्यात होता: सेंद्रिय फॉस्फरस (फवारणीच्या औषधातलं विष) विषबाधेचा रुग्ण, नर्सनं सर्वप्रथम काय करावं? मी ‘अ‍ॅट्रोपिन’वर खूण केली होती. चूक. उत्तरं दोन पुस्तकांत दोन आहेत. एकात ‘श्वासमार्ग मोकळा करा’, दुसऱ्यात ‘स्वतःचं संरक्षण करून दूषित कपडे काढा’. आठवड्यापूर्वी मी या फरकावर वैतागले असते. काल ओट्यावर दोन्ही एकाच वेळी झालं, कारण माणसं चार होती. एकटीच असते तर? हा विचार तासभर केला. एकटी असते तर आधी कुशीवर वळवलं असतं. त्याला दोन सेकंद लागतात आणि माणूस या विषानं मरतो तो श्वास कोंडून. मग पिशव्या, मग कपडे. हे मला कोणी सांगितलं नाही. चुकलं असेल तर माझं चुकलं, पण ठरवलं मी.

२०१७ आठवतं. मी तेव्हा नववीत होते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, डोक्याच्या वर गेली होती, फवारा मारला की तो तोंडावरच यायचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. बाबा एकाला भेटायला यवतमाळला गेले, परत आल्यावर जेवले नाहीत. म्हणाले, डोळ्यांवर पट्ट्या बांधलेली माणसं रांगेनं निजली होती. आईनं त्या दिवसापासून बाबांना पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला दुपट्टा आणि वाऱ्याकडं पाठ या तीन गोष्टींशिवाय वावरात जाऊ दिलेलं नाही. मी नर्सिंगला का गेले असं मुलाखतीत विचारलं की मी ‘सेवेची आवड’ असं सांगते. ते खोटं नाही. पण त्याआधी ती जेवणाची न उष्टावलेली थाळी आहे.

आज पुस्तकातला तोच धडा पुन्हा वाचला. एक ओळ आधी कधी दिसली नव्हती: चामड्याच्या वस्तू धुऊन स्वच्छ होत नाहीत, त्या टाकून द्याव्यात. काकाजींची चप्पल चामड्याची आहे.

परीक्षेच्या आदल्या रात्री, नागपूर, आत्याकडे

दुपारच्या एस.टी.नं आले. कळंब सुटल्यावर पाऊस लागला, वर्ध्यापर्यंत खिडकी बंद. मांडीवर वही होती, पण वाचलं नाही.

गेल्या आठवड्यातले पेपर ५२, ४९, ५५. भीती गेलेली नाही. ‘सर्वप्रथम’ हा शब्द दिसला की अजून छातीत धस्स होतं. आता एवढंच करते की त्या प्रश्नातल्या माणसाला आमच्या ओट्यावर आणून बसवते आणि त्याच्याकडं बघते. तो श्वास कसा घेतोय, बोलतोय का, रंग कसा आहे. मग पर्याय वाचते. यात वेळ जातो. १८ मिनिटांत २० प्रश्न म्हणजे एकाला एक मिनिटही पूर्ण नाही. उद्या कदाचित एखादा भाग अपुरा राहील. बुद्धिमत्तेचा तर राहीलच.

हॉल तिकिटाच्या दोन प्रती, आधार कार्ड, फोटो, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. आत्यानं उद्यासाठी दही लावून ठेवलंय.

आत्ता साडेनऊला काकूंचा फोन आला, परीक्षा चांगली दे म्हणून. काकाजी चार दिवसांपूर्वीच घरी आलेत, वरणभात खातात, चालतात. मी विचारलं, ‘काकू, त्यांची ती चप्पल कुठं आहे?’

‘ते का? धुतली ना मी चांगली. उन्हात वाळवली. घालून रायले.’

‘काकू, ती आजच पायातून काढायला लावा. चामड्यात विष मुरून राहते, धुतल्यानं जात नाही. जाळू नका, धूर लागेल. वावरात, विहिरीपासून लांब, खोल पुरून टाका. हात लावताना पिशवी घाला.’

‘आता? रात्री?’

‘आता पायातून काढून बाहेर ठेवा. पुरायचं उद्या.’

थोडा वेळ काही आवाज नाही. मग फोन बाजूला ठेवून त्या आत हाक मारताना ऐकू आल्या, ‘अवो, ते चप्पल काढा बरं पायातली. पोट्टी सांगून रायली.’